खवल्याला गोल भोक दिसलं, आता पुढे काय?

कुंडीतल्या लिंबाच्या फांदीवर तपकिरी खवले, म्हणजे खवले कीड, चिकटलेत आणि त्यातल्या काहींच्या पाठीवर साफ कडेचं गोल भोक आहे, असं दिसलं की आधी फवारणीचा पंप आत ठेवून द्या. निंबोळी तेलही नको. खवल्याला आतून खाऊन कोणीतरी त्या भोकातून बाहेर पडलंय, आणि शेजारच्या बिनभोकाच्या खवल्यांत त्याचे भाईबंद अजून बसलेले असणार. हे काम जेमतेम एक मिलिमीटरच्या परोपजीवी गांधीलमाशीचं. घाबरू नका, ही गांधीलमाशी माणसाला डसत नाही. अंगावर बसली तरी कळायची नाही.

मी ठाण्यात पोखरण रोडला राहते. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे बारीक वस्तू नळीत बंद करून तिच्यावर चिठ्ठी लावायची सवय अंगात मुरलेली. निवृत्तीनंतर रक्ताच्या नळ्या गेल्या आणि किड्यांच्या आल्या, एवढाच काय तो फरक. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं घरच्या टेबलावर होतं. कॉलेजची लॅब लागते ती अगदी शेवटी, आणि तीही लागेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. माशी ओळखायची सुरुवात माशीपासून करायची नाही. ती कोणत्या किडीतून निघाली हे ज्याला सांगता येतं, त्याचं अर्धं काम झालेलं असतं. खिडकीच्या काचेवर सापडलेली एकटी माशी कितीही देखणी असो, तिच्यावर वेळ घालवू नका. यजमान कीड माहीत नसली तर शेकडो शक्यता उरतात, माहीत असली तर बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

म्हणून आधी खवले नीट बघा. एक बारीक सुई घ्या, टोक खवल्याच्या कडेखाली सरकवा आणि हलकेच उचला. वरचं झाकण सुटून आलं आणि खाली पिवळा मऊ जीव पानाला तसाच चिकटून राहिला, तर ती कवचधारी खवले कीड. झाकण आणि किडा वेगळे होतच नसतील, पाठ हीच त्याची कातडी असेल, तर ती मऊ खवले कीड. मऊ खवल्यांखालची पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. कवचधारी खवले गोड चिकटा सोडत नाहीत, त्यामुळे तिथे मुंग्यांना काही काम नसतं. मुंग्यांची रांग दिसली की मी सुई काढायच्या आधीच अर्धा निकाल देऊन टाकते.

आपल्याकडच्या सोसायट्यांत काय काय सापडतं? क्रोटन, फर्न आणि सायकसवर अर्धगोल, चकचकीत तपकिरी उंचवटे असतात, ती सैसेशिया. पिल्लांच्या पाठीवर इंग्रजी एच अक्षरासारखी उठलेली रेघ दिसते, पुढे ती पुसट होते. लिंबाच्या पानाच्या मधल्या शिरेला लागून चपटे, लांबट, हिरवट-पिवळे खवले असतात, ते कॉकस. पेरूच्या पानामागे कापसाचं पुंजकं घेऊन बसलेली पल्व्हिनारिया. ह्या तिन्ही मऊ. नारळाच्या पानाखाली आरपार दिसणाऱ्या गोल चकत्या आणि वरून पिवळे डाग असले, तर ती ॲस्पिडिओटस. आंब्याच्या पानावर पांढरे गोल खवले आणि त्यांच्याभोवती नरांची बारीक, लांबट, पाठीवर तीन उभे कंगोरे असलेली पांढरी घरं, ती ऑलाकॅस्पिस. ह्या दोन्ही कवचधारी. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण सगळ्यांना माहीत आहे, तो खवले किडीचाच चुलत भाऊ.

पेरूवर आणि नारळावर आणखी एक गोंधळ होतो. पांढऱ्या माशीची कोषावस्था चपटी, लंबगोल, पानाला चिकटलेली असते आणि हुबेहूब खवल्यासारखी दिसते. तिथे भोकाचा आकार बघा. पांढरी माशी स्वतः बाहेर पडली असेल तर पाठीवर इंग्रजी टीच्या आकाराची चीर दिसते, आणि परोपजीवी माशी पडली असेल तर गोल भोक.

यजमान ठरला की यादी कशी आखडते बघा. कवचधारी खवल्यांत ॲफायटिस आणि एन्कार्सिया या प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आधी आठवायच्या. ॲफायटिस तर जवळजवळ फक्त कवचधाऱ्यांवरच जगते. मऊ खवल्यांत कोकोफॅगस, मेटाफायकस, एन्सर्टस आणि निळ्या रंगाची स्क्युटेलिस्टा. पिठ्या ढेकणांत ॲनागायरस, लेप्टोमास्टिक्स, एनासियस, ॲसेरोफॅगस.

एवढी चिकित्सा करून काय मिळतं, असं आमचे सेक्रेटरी दर वेळी विचारतात. त्यांना मी कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगते. तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागांना रेड स्केल नावाच्या कवचधारी खवल्याने जेरीला आणलं होतं. आशियात त्याच्यावर जगणाऱ्या ॲफायटिस माश्या शोधकांना दिसल्याही होत्या. पण ही तर आपल्याकडे कॅलिफोर्नियात असलेलीच ॲफायटिस क्रायसोम्फाली, असं समजून कित्येक दशकं त्या तिथेच सोडून दिल्या गेल्या. दिसायला सारख्या, जाती मात्र वेगळ्या. शेवटी १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तानातून नेलेली ॲफायटिस मेलिनस तिथे रुजली, आणि तिला नाव मिळालं १९५९ मध्ये, कीटकशास्त्रज्ञ पॉल डीबॅक यांच्याकडून. आज ती तिकडे प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडली जाते. आपल्या उपखंडातली पिवळी माशी, आणि इकडे तिची ओळख मोजक्या माणसांना. हे ऐकून सेक्रेटरी मान हलवतात आणि माळीदादांना विचारतात, औषध कधी मारणार.

आता माशी मिळवायची. ती पकडायची नाही, घरी निघू द्यायची. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका, बाटलीतली पानं दोन दिवसांत बुरशीने भरतात. दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत काम सुखाने होतं. येऊरच्या जंगलातून पानं तोडून आणायची नाहीत, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि परवानगीशिवाय तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. सोसायटीच्या बागेत, गॅलरीत, गच्चीवर भरपूर माल असतो.

सामान साधं आहे. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या छोट्या बाटल्या, रिकाम्या. त्यांचं झाकण वापरू नका, कापसाचा घट्ट बोळा घाला. हवा खेळती राहते आणि ओल धरत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला शून्य नंबरचा रंगाचा ब्रश, एक मिलिमीटरच्या चौकोनांचा आलेख कागद, शिसपेन्सिल, आणि औषधांच्या दुकानातलं सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पारदर्शक रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल मिळाल्या तर उत्तमच, एका कॅप्सूलमध्ये एक खवला मावतो. मात्र कोरड्या दिवसांतच, दमट हवेत त्या मऊ पडतात.

पान आणलं की ब्रशने आणि सुईने त्यावरचं बाकी सगळं काढून टाका. मावा, कोळी, दुसऱ्या जातीचे खवले, पांढऱ्या माशीची पिल्लं, काही म्हणता काही ठेवायचं नाही. ही सफाई कंटाळवाणी आहे आणि इथेच लोक घाई करतात. मग पानावरच्या मव्यातून निघालेली माशी खवल्याच्या नावावर जमा होते. सफाई झाली की खवल्याभोवतीचा पानाचा छोटा तुकडा कापून एका बाटलीत एकच ठेवा. सोबत टिपकागदाची बारीक पट्टी टाका, ओल शोषून घ्यायला. बाटल्या सावलीत ठेवायच्या, खिडकीच्या उन्हात माश्या आतल्या आत भाजून निघतात.

कोणते खवले निवडायचे? भोक पडलेले नकोत, त्यांतला पाहुणा गेलेला असतो. रंग बदललेले निवडा. लिंबावरच्या हिरवट कॉकसमध्ये काही पिल्लं मधूनच काळी पडलेली दिसतात, ती बहुधा कोकोफॅगसने व्यापलेली. पिठ्या ढेकूण मेण गमावून तपकिरी, टणक, पिंपाच्या आकाराचे होतात. कवचधारी खवल्याचं झाकण उचललं आणि खाली मेलेला चपटा किडा, त्याच्याशेजारी उघडा पडलेला पिवळा कोष आणि काळ्या-तपकिरी विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसल्या, तर तो ॲफायटिसचा कारभार. ती खवल्याला बाहेरून खाते आणि झाकणाखाली कोष करते. एन्कार्सिया मात्र खवल्याच्या शरीरातच कोष करते. म्हणजे माशी निघायच्या आधीच तुम्हाला एक मोठा धागा हाताला लागला.

मग पंधरा दिवस ते तीन आठवडे रोज सकाळी बाटल्या बघत राहायचं. नशीब असेल तर बाहेर पडतानाच दिसते. काळ्या खवल्याची पाठ एका जागी आतून कुरतडली जाते, आधी एक ठिपका, मग त्यातून हलणारे जबडे. भोक डोक्याएवढं झालं की डोकं बाहेर येतं आणि तिथेच थांबतं. बऱ्याच वेळाने पुढचे पाय सुटतात, मग एका झटक्यात सगळी माशी बाहेर. लगेच उडत नाही. आधी मिशा पुसते, एकेक करून, पुढच्या पायाच्या कोपरातून ओढत, मग पंख. ह्याच वेळी फोनला क्लिपची मॅक्रो लेन्स लावून फोटो घ्या. पिवळा रंग, डोळ्यांचा रंग, पायावरचे पट्टे हे सगळं अल्कोहोलमध्ये फिकं पडतं. बाटलीखाली आलेख कागद ठेवला की लांबीही त्याच फोटोत मिळते.

फोटो झाले की माशी अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायची, बाहेर चिकटवायची नाही. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. झाड, किडीचं नाव, ठिकाण, खवला आणल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. लॅबमध्ये बिननावाची नळी आली तर आम्ही ती तपासत नसू, परत पाठवत असू. इथेही तोच नियम. रिकामा खवला त्याच बाटलीत राहू द्या, यजमानावरून पुढे वाद झालाच तर पुरावा तोच.

आता बघणं. दहापट भिंगाखाली फार तर रंग दिसेल. वीसपट भिंगाने बरंच कळतं, आणि चाळीसपट स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळाला तर कुळापर्यंत पोचता येतं. माशी सॅनिटायझरच्या जेलच्या थेंबात ठेवली की हलत नाही आणि हवी तशी वळवता येते. फक्त जेलमध्ये बुडबुडे राहू देऊ नका.

आधी ती कॅल्सिड गटातली, म्हणजे चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या मोठ्या गटातली आहे का ते बघा. मिशा कोपरातून मोडलेल्या, आणि पुढच्या पंखाला पुढच्या कडेने जाणारी एकच शीर, बाकी पंख जवळजवळ कोरा. हे जुळलं की पाय मोजायला घ्या, म्हणजे पायांच्या टोकाचे सांधे. चार की पाच? सगळ्या पायांना चार असतील तर युलोफिडी कुळाचा संशय घ्या. खवल्यांतून निघणाऱ्या युलोफिडींपैकी बऱ्याच जणी खवल्यावर नाही, तर खवल्यातल्या पहिल्या माशीवर जगतात. पाच असतील तर बहुतेक वेळा निवड दोन कुळांत असते, एन्सर्टिडी आणि ॲफेलिनिडी. एन्कार्सियाच्या काही जातींत मधल्या पायाला चारच सांधे असतात, म्हणून मधल्या पायावर विसंबू नका, मागचे पायही मोजा.

या दोन कुळांतला फरक शिकण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. मला पटकन दिसतो तो मधला पाय. एन्सर्टिडीत मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला एक जाडजूड, लांब काटा असतो. ही मंडळी उड्या मारतात, जिवंत असताना बाटलीत टणाटण उडतात, आणि त्या उड्यांसाठी लागणारे स्नायू मावावेत म्हणून छातीच्या बाजूची ढाल मोठी, फुगीर आणि एकसंध असते. पाठीच्या पुढच्या भागावर तिरक्या दोन रेघा बहुधा नसतात. पोटाच्या बाजूंना जी केसांची छोटी पुंजकी असतात ती टोकाशी नसून बरीच पुढे सरकलेली दिसतात. पंखाच्या शिरेचा कडेला टेकणारा भाग अगदी आखूड. ॲफेलिनिडीत उलट, तो भाग लांब, पाठीवरच्या दोन रेघा स्पष्ट, आणि छातीला पोट रुंद जोडलेलं, कंबर अशी दिसतच नाही. मिशांचे सांधेही कमी, आठ किंवा त्याहून थोडे. एका खुणेवर निकाल देऊ नका, तीन जुळू द्या.

ॲफेलिनिडी ठरली की पंखावरची लव बघा. पिवळी माशी, कवचधारी खवल्यातून निघालेली, पंखावर एक तिरकी केसरहित पट्टी, तर ॲफायटिस. काळपट, ठेंगणी, मऊ खवल्यातून आलेली, पंखावर सगळीकडे सारखी लव आणि कोरी पट्टी नाही, तर कोकोफॅगस. कोकोफॅगसच्या काही जातींत पाठीवरच्या ढालीला पिवळा पट्टा असतो. तो बघून लोक जातीचं नाव सांगून मोकळे होतात. असा पट्टा एकाच जातीला नसतो, तेव्हा थांबा. या प्रजातीच्या घरातलं राजकारण मात्र सांगण्यासारखं आहे. तिच्या बऱ्याच जातींत मादी फलित अंडं खवल्यात घालते, त्यातून मुलगी होते. अफलित अंडं मात्र खवल्यात आधीच असलेल्या दुसऱ्या माशीच्या अळीवर घालते, कधी ती स्वतःच्याच जातीची असते, आणि त्यातून मुलगा होतो. म्हणजे भाऊ बहिणीला खाऊन मोठा होतो.

पंखांवर जाळीची नक्षी आणि पायांवर पट्टे असलेली सुंदर माशी निघाली तर हुरळून जाऊ नका. ती मॅरिएटा, परोपजीवीवरची परोपजीवी. ती आपल्या मित्रकीटकाला खाऊन आलेली आहे. नोंद करा, पण खवल्याचा शत्रू म्हणून तिचं नाव लावू नका.

क्रोटनवरच्या सैसेशियातून धातूसारखी चमकणारी निळी-काळी माशी निघाली, आणि पाठीवरची ढाल मागे वाढून पोट झाकत असली, तर ती स्क्युटेलिस्टा. ही ओळखायला सगळ्यांत सोपी, नवख्याने इथूनच सुरुवात करावी. तिची अळी खवल्याच्या पोटाखाली बसून त्याची अंडी खाते. जुन्या लिखाणात ती टेरोमॅलिडी कुळात सापडेल. २०२२ मध्ये त्या कुळाची मोठी फाळणी झाली, त्यामुळे नवीन याद्यांत कुळाचं नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

नावं बदलण्याचा असाच घोळ जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाच्या माशीत आहे. काळी, दणकट, आणि मादीच्या डोक्यावर शिवणाच्या अंगुस्तानासारखे खड्डे. कीटकशास्त्रज्ञ प्रा. मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिला डॉ. बंबावाले यांच्या सन्मानार्थ एनासियस बंबावालेई असं नाव दिलं. नंतर ती अमेरिकेत आधीच नोंदलेली एनासियस ॲरिझोनेन्सिस असल्याचं ठरलं. कपाशीच्या पिठ्या ढेकणावरचं जुनं साहित्य शोधायचं तर दोन्ही नावं टाका. पपईवरच्या पिठ्या ढेकणातून पिवळसर नारिंगी, अगदीच चिमुकली माशी निघाली तर ॲसेरोफॅगस पपाये असू शकते. पपईचा पिठ्या भारतात २००८ मध्ये कोईमतूरला सापडला, आणि ही माशी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून मुद्दाम आणून सोडली गेली.

इथपर्यंत आलात तर वहीत "कोकोफॅगस, जात अनिश्चित" असं लिहायचं आणि समाधान मानायचं. ही अर्धवट नोंद नाही. यजमान, झाड, ठिकाण आणि तारीख यांसकट प्रजातीपर्यंतची नोंद चुकीच्या जातीपेक्षा केव्हाही मोलाची. जात ठरवायची तर माशी दाहक पोटॅशमध्ये पारदर्शक करून, मिशा, पंख, शरीर सुटं करून स्लाइडवर बसवावी लागते. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं. हे स्वयंपाकघरात करू नका, प्राणिशास्त्र विभागातल्या कोणाला तरी गाठा. मादी आणि नर दोन्ही, एकाच यजमानातले, आणि शक्यतो काही जास्तीचे नमुने जवळ ठेवा. एकट्या नरावरून बऱ्याचदा काहीच ठरत नाही.

नावांचा ताळा करायला दोन ठिकाणं उपयोगी पडतात. कोणत्या खवल्यावर कोण जगतं हे स्केलनेट या जालावरच्या माहितीसाठ्यात मिळतं, आणि कॅल्सिड माश्यांची सगळी नावं, जुनी-नवी, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जॉन नॉयस यांनी उभ्या केलेल्या युनिव्हर्सल कॅल्सिडॉइडिया डेटाबेसमध्ये. तज्ज्ञ हवे असतील तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोत या गटावर काम होतं. नमुने पाठवण्याआधी ईमेलने विचारा, फोटो जोडा, आणि कुरिअरवाल्याला अल्कोहोलबद्दल आधीच सांगा, बरेच जण ते स्वीकारत नाहीत. परदेशातल्या हौशी ओळखीच्यांना नमुने परस्पर पाठवायचे नाहीत, जैवविविधता कायद्याखाली त्याला परवानगी लागते.

हवे तेवढे नमुने घेऊन झाले की बाकीच्या माश्या त्याच झाडावर सोडा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. फांदीवर ओंबील किंवा काळ्या मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण मुंग्या चिकट्यासाठी खवल्यांची राखण करतात आणि माशीला टेकू देत नाहीत. कुंडीच्या पायांखाली पाण्याच्या थाळ्या ठेवल्या तरी बरंच काम होतं. मात्र पाणी आठवड्यातून एकदा बदला, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.